तयार कोर्स, की दोघांनी बसून मार्क वाचायचा?

चर्चच्या सभासदांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला आणि नव्या विश्वासणाऱ्यांना सांभाळायला तयार करायचं ठरलं, की पंचांच्या सभेत हमखास दोन सूचना येतात. एक, ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणाऱ्या अल्फाच्या धर्तीवरचा तयार कोर्स: जेवण, व्हिडिओ, मग गटात चर्चा. दुसरी, एका सभासदाने एका जिज्ञासूबरोबर बसून मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, वाचायचं. आमच्या मंडळीत दोन्ही झालं, आणि दोन्हींत मी होतो.

कोर्सचं मोल मी कमी लेखत नाही. रविवारच्या उपासनेला यायला जो बिचकतो, तो जेवायला सहज येतो. शिकवण भरकटत नाही. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये १९७७ साली अल्फा सुरू झाला, तो मुळात नव्या विश्वासणाऱ्यांसाठीच. शहरात कॉलेजची मुलं बरीच असतील, तर असा कोर्स जरूर घ्यावा.

मला एकच गोष्ट खटकली, पण ती शेवटपर्यंत खटकत राहिली. आमचे सभासद खुर्च्या मांडायचे, भात वाढायचे, प्रोजेक्टर लावायचे. बोलायचा मात्र पडद्यावरचा माणूस. एकदा एका तरुणीने विचारलं, "घरी सत्यनारायण आहे. आई प्रसाद हातावर ठेवेल. घेऊ की नको?" गटप्रमुख बाई वर्षानुवर्षं मंडळीतल्या, प्रार्थना करायला कधीही उभ्या राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेबांना विचारून सांगते." पूजा दुसऱ्याच दिवशी होती. ती मुलगी उत्तराविनाच घरी गेली.

पुढे याच बाई एका शेजारणीबरोबर मार्क वाचू लागल्या. तिथेही प्रसादाचा प्रश्न निघालाच. या वेळी त्यांनी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय काढला. मूर्ती काही नाही, हेही तिथे आहे आणि दुसऱ्याच्या विवेकासाठी आवरतं घ्यावं, हेही. दोघी बराच वेळ अडल्या, आणि शेवटी सासूबाईंशी कसं बोलायचं इथवर पोचल्या. रोज बरोबर वाचत असल्यामुळे बाईंना त्या सासूबाई ठाऊक होत्या. माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला.

मार्कच का? सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान. शिवाय पाचव्या अध्यायात भुतांपासून सुटलेला माणूस येशूबरोबर जायला निघतो, तर येशू त्याला घरी धाडतो: आपल्या माणसांना सांग, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं. साक्ष द्यायला वेगळी पात्रता लागते असं मानणाऱ्या सभासदाला या ओळींनी धीर येतो.

अडचणी आहेत. जोड्या मोडतात, कुणी आपलंच मत शास्त्र म्हणून सांगतो, आणि काम संथ चालतं. पण संथपणाचं मला फारसं वाटत नाही. कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. खुद्द टिळकांच्या घरात पाच वर्षं लागली, ती कुठल्या कोर्सच्या वेळापत्रकात बसली असती?

तुमच्याकडे माणसं थोडी असतील, तर मी मार्कपासूनच सुरुवात करायला सांगेन. बायकांबरोबर बायकांनीच बसावं, जागा जिज्ञासूच्या सोयीची असावी, आणि वाचणाऱ्या सभासदांना पाळकांनी महिन्यातून एकदा एकत्र घेऊन त्यांचे अडलेले प्रश्न ऐकावेत.