पाठदुखीमागे मणक्यातला रक्तस्राव: एका आपत्कालीन विभागाच्या सेवेविषयी

मध्यरात्री वडिलांच्या पाठीत, दोन फऱ्यांच्या मधोमध, अशी कळ उठली की त्यांना ना बसवे ना आडवे पडवे. आधी गेलो त्या दवाखान्यात क्ष-किरण चित्रात काही आढळले नाही, म्हणून स्नायू आखडल्याचे सांगून वेदनाशामक इंजेक्शन देण्यात आले. क्ष-किरणांत हाड दिसते, रक्त दिसत नाही. शिवाय वडील हृदयाच्या कृत्रिम झडपेसाठी वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात, हे कोणी विचारले नाही आणि घाबरून गेलेल्या आम्हालाही सांगायचे सुचले नाही. पहाटे त्यांचे पाय जड पडू लागले.

मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात मात्र परिचारिकेचा पहिलाच प्रश्न होता, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, आणि दुसरा, लघवी शेवटची कधी झाली. डॉक्टरांनी टाचणी टोचत संवेदना नेमकी कोठे संपते ते छातीपर्यंत तपासले, आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या चाचणीसाठी, रक्त पाठवले आणि अहवालाची वाट न पाहता, झडप एमआरआयला चालते का हे झडपेच्या कार्डावर पाहून, एमआरआयची तयारी केली. मणक्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, साकळलेल्या रक्ताची गाठ रज्जूवर दाबत होती. दरवर्षी साधारण १० लाखांत एखाद्यालाच होणारा हा प्रकार पहिल्या तासात ओळखला जाणे, हीच या विभागाची मोठी जमेची बाजू.

जीवनसत्त्व ‘के’ आणि रक्त गोठवणारे घटक देऊन रक्त पुन्हा गोठते करायचे, तर झडपेवर गुठळी होण्याचा धोका. न करावे, तर शस्त्रक्रियाच अशक्य. हा पेच न्यूरोसर्जननी आमच्यापासून लपवला नाही. दाब १२ तासांच्या आत काढल्यास पायांत बळ परतण्याची शक्यता अधिक असते, हे सांगूनच त्यांनी संमतीपत्र पुढे केले आणि मणक्याच्या मागच्या कमानीचा भाग काढून गाठ उपसली.

उणीव जाणवली ती नंतर. वॉरफरिन पुन्हा केव्हा सुरू करायचे, हा झडपेच्या रुग्णासाठी जिवाचा प्रश्न असताना, घरी सोडतानाच्या कागदावर केवळ ‘सल्ल्यानुसार’ असा शेरा होता. हृदयरोग विभाग न्यूरोसर्जरीकडे बोट दाखवी आणि न्यूरोसर्जरी हृदयरोगाकडे. तारीख मिळवण्यासाठी मला तीन वेळा दूरध्वनी करावा लागला. वडील आता काठी घेऊन चालतात, आणि ती तारीख आम्ही गोळ्यांच्या डबीवर चिकटवली आहे.