इवो जिमाची लढाई बघायची तर क्वांटिकोला, पण नकाशा वाचून

वॉशिंग्टनला येणारे पाहुणे बहुधा स्मिथसोनियनच्या संग्रहालयांमध्येच अडकतात. क्वांटिकोचं नॅशनल म्युझियम ऑफ द मरीन कोअर, म्हणजे अमेरिकेच्या मरीन सैन्यदलाचं संग्रहालय, तिथून दक्षिणेला साधारण 55 किलोमीटरवर, आय-95 महामार्गाच्या एक्झिट 150 ला. प्रवेश फुकट, पार्किंगही फुकट. नाताळ सोडून रोज 9 ते 5. गाडी हवीच.

दर्शनी दालनात डोक्यावर कोर्सेअर आणि हॅरियर विमानं टांगलेली आहेत. तिथे न रेंगाळता थेट दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात जावं. इवो जिमा या जपानी बेटावरच्या लढाईचा भाग हिगिन्स बोटीतून (सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी बोट) सुरू होतो: आधी मोहिमेची माहिती, मग जुन्या चित्रफितींसह किनाऱ्याकडे कूच. मांडणी उत्तम, पण तिथल्या किनाऱ्यावरची काळी वाळू काही पडद्यावरून कळत नाही. ज्वालामुखीची ही जाड, सुटी राख. तिच्यात पाय रुततो, चाकं जागीच फिरतात, खंदक खणावा तर कडा ढासळतात. त्यातून किनाऱ्यालगत पुरुषभर उंचीचे चढ. बेटावरचे जपानी सेनापती जनरल कुरिबायाशींनी 19 फेब्रुवारी 1945 ला, अमेरिकन मरीन उतरले तेव्हा, सुरुवातीला मारा आवरता घेतला आणि किनाऱ्यावर माणसं नि सामान दाटल्यावरच तोफा सोडल्या, त्यामागचा हिशोब हाच.

संग्रहालयाचं खरं धन म्हणजे बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर 23 फेब्रुवारीला फडकलेले दोन्ही झेंडे. कापड जपण्यासाठी ते आलटूनपालटून मांडतात. झेंडा उभारणाऱ्या सैनिकांच्या जगप्रसिद्ध फोटोतला झेंडा दुसरा, आकाराने मोठा. पहिला त्याच्यापुढे अगदीच लहान वाटतो. समोर कोणता आहे ते पाटीवर नीट वाचा.

आता उणी बाजू. सगळा जोर शौर्यावर आहे (मरीनांचंच संग्रहालय, दुसरं काय होणार!), त्यामुळे जेमतेम 21 चौरस किलोमीटरच्या या बेटासाठी 36 दिवस का झुंजायचं, हा प्रश्न मागे पडतो. जाण्याआधी नकाशा उघडा. मारियाना बेटांवरच्या अमेरिकन तळांपासून टोकियो सुमारे 2,400 किलोमीटर. इवो जिमा जवळजवळ मध्यावर. जपान्यांच्या हाती असताना तिथलं रडार बी-29 ही अमेरिकन बॉम्बफेकी विमानं येत असल्याची खबर मायभूमीला आधीच द्यायचं, आणि तिथून उडालेली विमानं मारियानातल्या सायपानच्या धावपट्ट्यांवर हल्ले करायची. ते चुकवायला बी-29 ना वळसा घ्यावा लागे, म्हणजे इंधन जास्त आणि बॉम्ब कमी. शिवाय मारियानाहून टोकियोपर्यंत सोबत करील असं लढाऊ विमान नव्हतं. इवो जिमाहून पी-51 ही लढाऊ विमानं ते करू शकत होती. 7 एप्रिलला ती पहिल्यांदा बी-29 सोबत गेली.

तिसरं कारण नेहमी सांगितलं जातं, ते जपून घ्यावं. युद्ध संपेपर्यंत 2,200 हून जास्त वेळा बी-29 या बेटावर उतरली, म्हणून 24,000 वैमानिक-सैनिक वाचले, असा हिशोब मांडतात. पण त्यातली बरीच विमानं फक्त इंधनासाठी किंवा सरावासाठी थांबली होती. तेवढी सगळी समुद्रात पडली असती असं धरता येत नाही. दुसऱ्या पारड्यात जवळपास 6,800 अमेरिकन मृत्यू. सुमारे 21,000 जपान्यांपैकी तर फार थोडे जिवंत हाती लागले. ही किंमत योग्य होती का, यावर इतिहासकारांचं आजही जमत नाही.

लढाईच्या मांडणीला पाचपैकी पाच, कारणमीमांसेला तीन. तीन तास तरी हाताशी ठेवा. वरच्या मजल्यावर टन टॅव्हर्नमध्ये पोटपूजा होते. परतताना आर्लिंग्टनचा झेंड्याचा पुतळा वाटेतच आहे. अर्धा तास पुरतो, तिकीट नाही.