फोंडा तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमाचं देणगी कार्यालय: व्यवहार असा असावा

संस्थेनंच नाव लिहू नका म्हटलंय, म्हणून देत नाही. पण देणगीच्या बाबतीत इतका चोख कारभार मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

आईच्या वर्षश्राद्धाला मोठी जेवणावळ न घालता तिच्या नावानं देणगी द्यायची, असं आम्हा भावंडांचं ठरलं. मडगावहून बोरीचा पूल ओलांडून गेलो. कार्यालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक संगणक. टेबलामागच्या मुलीनं पहिल्यांदा विचारलं, "काका, रिटर्न जुन्या रेजीममध्ये भरता की नव्या?"

पैसे हातात घेण्याआधी हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. नव्या करप्रणालीत 80-जीची वजावट, म्हणजे देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची आयकरातली सवलत, मिळतच नाही, आणि 2023-24 पासून आपण जुनी निवडली नाही तर नवीच लागू होते. कित्येकांना हे जुलैत सीएसमोर बसल्यावर कळतं. "देणगी आम्हाला हवीच आहे, पण तुमचा गैरसमज नको," ती म्हणाली.

बहिणीनं रोख आणली होती. ती परत पर्समध्ये ठेवायला लावली, कारण 2000 रुपयांच्या वर रोख दिली तर त्यावर वजावट नाही. सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यातून द्यायचा बेतही तिनं मोडला. ज्याच्या खात्यातून पैसे जातात, वजावट त्याची. मग प्रत्येकानं आपापल्या फोनवरून पैसे पाठवले आणि प्रत्येकाच्या पॅनसह वेगळी पावती झाली. पावतीवर संस्थेचा पॅन, 80-जी नोंदणी क्रमांक, तारीख, सगळं नीट. धाकट्यानं आणलेली तांदळाची पोती आणि चादरी आनंदानं घेतल्या, पण त्यांची नुसती पोच दिली. वस्तूंवर वजावट नसते.

माझे 20,000 होते. अशा संस्थेला दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे 10,000 वजा, आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यात सेससह कर वाचला 2,080 रुपये. आकडा मोठा नाही, पण हक्काचा आहे तो सोडायचा कशाला?

खरी परीक्षा नंतर असते. हातातली पावती पुरत नाही. संस्थेला आयकर खात्याकडे देणग्यांचं 10-बीडी विवरण भरून देणगीदाराला 10-बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि दोन्हींची मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मे. दुसऱ्या एका संस्थेनं यासाठी मला भयंकर हेलपाटे घालायला लावले होते, वर पॅनमधला एक आकडाही चुकवला. इथलं प्रमाणपत्र मे महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, नावासकट बिनचूक. अशा संस्थेला पुन्हा द्यावंसं वाटतं, कारण आपल्या पैशांची नोंद जिथे इतक्या काळजीनं होते, तिथे म्हाताऱ्यांच्या औषधांचा हिशेबही नीट राहत असणार असा विश्वास बसतो.

उणीव एकच: दुपारी एक ते तीन कार्यालय बंद असतं आणि तेव्हा फोनही उचलत नाहीत. बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी निदान दारावर वेळ लिहावी. तुमच्या जवळच्या एखाद्या संस्थेला देणार असाल, तर सकाळी जा, पॅन कार्ड बरोबर ठेवा आणि 80-जीचं प्रमाणपत्र चालू मुदतीचं आहे का ते मागून बघा. देवळाच्या पावतीवरही 80-जी क्रमांक असेलच असं धरून चालू नका.