क्यूट की इलेक्ट्रॉन: सांगलीच्या अडत दुकानासाठी

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानासाठी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब, छापणारं सॉफ्टवेअर करायचं होतं. मालकांच्या टेबलावर विंडोज, त्यांच्या मुलाकडे लिनक्स. दोन्हीकडे चाललं पाहिजे. असं अ‍ॅप बनवायची दोन साधनं समोर होती: इलेक्ट्रॉन आणि क्यूट.

इलेक्ट्रॉन २०१३ साली गिटहबमध्ये जन्मलं. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येणारा पोरगा आठवड्यात स्क्रीन उभे करतो, हे खरंच. पण प्रत्येक अ‍ॅपसोबत अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) जातं. नुसती रिकामी खिडकी उघडली तरी शंभरेक एमबी रॅम गेलीच म्हणून समजा. चार जीबीच्या जुन्या संगणकावर टॅली आणि ब्राउझर आधीच ठाण मांडून बसलेले असतात, तिथं हे ओझं जाणवतं.

क्यूट नॉर्वेतलं, १९९५ पासूनचं. ते सी++ भाषेतलं; तिची धास्ती वाटत असेल तर पायथनमधून क्यूट वापरू देणारं पायसाइड घ्या. तक्त्यात दिसतात तेवढ्याच ओळी ते रंगवतं, त्यामुळे हंगामभराचे सौदे अडखळत नाहीत. परवाना मात्र चहा घेऊन निवांत वाचा: एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली बंद कोडचं अ‍ॅप विकता येतं, पण क्यूटची लायब्ररी बदलायची मुभा ग्राहकाला ठेवावी लागते.

मराठी जोडाक्षरांत उन्नीस-बीस नाही, अक्षरं जुळवायला क्यूट आणि इलेक्ट्रॉन दोन्हीकडे हार्फबझ हीच लायब्ररी.

मी क्यूट घेतलं. शेतकरी समोर उभा असताना पट्टी अडकली तर अडते काय बोलतात, ते एकदा ऐकलंय.