मंद प्रकाशाच्या गणितासाठी मीप आणि एमपीबी

अर्धवाहक वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाशाला ठरावीक वाटेने नेणाऱ्या रचनेत, प्रकाश मंद कसा होतो, हे प्रत्यक्ष दाखवण्याची सोय आमच्या धुळ्यातील महाविद्यालयात नाही. सिलिकॉनमध्ये सुमारे ४०० नॅनोमीटर अंतराने छिद्रे पाडणारी यंत्रणा कुठून आणणार? म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी आम्ही अमेरिकेतील एमआयटीत तयार झालेली मीप आणि एमपीबी ही प्रकाशाचे गणित करणारी सॉफ्टवेअर वापरतो. दोन्ही विनामूल्य असून पायथनमधून चालवता येतात.

रचना नेहमीचीच असते: सिलिकॉनच्या पातळ थरात त्रिकोणी जाळीने छिद्रे आणि मधली एक रांग न पाडता सोडलेली. प्रकाश त्या रांगेतून जातो, आणि ठरावीक वारंवारतेजवळ पुढे जाणाऱ्या व परत फिरणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून समूहवेग (प्रकाशाचा स्पंद पुढे सरकण्याचा वेग) घसरतो. आयबीएमच्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा वेव्हगाइडमध्ये तो तीनशे पटींहून अधिक घटवून दाखवला.

या कामासाठी माझी पसंती निःसंशय एमपीबीला आहे. प्रत्येक तरंगसदिशाला (लाटेची दिशा आणि तरंगलांबी सांगणाऱ्या राशीला) समूहवेग किती, हे ते थेट सांगते आणि द्विमितीय गणित साध्या लॅपटॉपवरही झटपट उरकते. मीप मात्र विद्युतचुंबकीय क्षेत्र काळाच्या पायरीपायरीने पुढे नेते, त्यामुळे प्रकाश जितका मंद, तितके गणितही लांबते: समूह अपवर्तनांक (निर्वातातल्या प्रकाशापेक्षा समूहवेग किती पट कमी, तो आकडा) १०० असेल, तर तो ४ असलेल्या साध्या वेव्हगाइडच्या तुलनेत तेच अंतर कापायला पंचवीस पट वेळ मोजावा लागतो. (खानदेशातल्या मे महिन्यात असे काम रात्रीच लावलेले बरे.) शिवाय कडेला पोचलेला प्रकाश शोषून घेणारा मीपचा नेहमीचा थर छिद्रांच्या जाळीत परावर्तन पूर्णपणे थांबवू शकत नाही, तिथे हळूहळू वाढत जाणारे शोषण जाड थरात द्यावे लागते. तरीही वेव्हगाइडच्या तोंडाशी किती प्रकाश आत शिरतो, हे पाहायला मीपच हवे.

एमपीबीच्या सुबक आलेखावर विसंबताना एक सावधगिरी बाळगावी. त्यात पदार्थ शोषणरहित आणि छिद्रे अगदी गुळगुळीत धरलेली असतात. प्रत्यक्षात छिद्रांच्या खडबडीत कडांवरून प्रकाश मागे विखुरतो आणि ही हानी साधारणपणे समूह अपवर्तनांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शून्याकडे झुकणारा वेग दिसताच हुरळून जाणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी वापरण्याजोगा वारंवारता-पट्टा किती उरला, हे विचारतो.

विंडोजवर काम करणाऱ्यांना आत लिनक्सची सोय करून घ्यावी लागते. त्रिमितीय गणिताला संगणकाची स्मृती भरपूर लागते, तेव्हा नवशिक्यांनी द्विमितीय एमपीबीपासून सुरुवात करावी.