सागवानी माडीसाठी हार्डवॅक्स तेल : तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

राजापूरकडील आमच्या जुन्या घराच्या माडीवर सुमारे २८० चौरस फुटांची सागवानी फळ्यांची जमीन आहे. तिला आधी हार्डनर मिसळून लावायचे पॉलियुरेथेन, म्हणजे वर कडक पारदर्शक थर धरणारे पॉलिश, लावले होते आणि सुरुवातीला माडी आरशासारखी दिसत होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसऱ्या पावसाळ्यानंतर फळ्यांच्या सांध्यांवर तडे गेले, तड्यांतून ओल शिरली आणि पापुद्रे सुटू लागले. यात कारागिराचा दोष थोडा आणि आमच्या निवडीचा अधिक होता. कोकणात लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे दोन फळ्यांवर एकसंध बसलेला कडक थर सांध्यावरच फाटणार, हे आधी लक्षात यायला हवे होते. शिवाय अशा थराला ठिगळ नीट लावता येत नाही. एक कोपरा बिघडला तरी बहुधा सगळी जमीन घासून काढावी लागते.

म्हणून दुसऱ्या वेळी चकाकीऐवजी दुरुस्तीची सोय पाहायची, असे ठरवले. चपडा लाखेचे स्पिरिट पॉलिश सागाला फार सुंदर खुलवते, पण पाणी सांडले की त्यावर पांढरे डाग उमटतात. ते देव्हाऱ्यालाच शोभते. बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, स्वस्त आहे, मात्र ते सावकाश वाळते आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन कमी वासाचे आणि न पिवळणारे असते. शहरातल्या फ्लॅटमध्ये, फारशा न हलणाऱ्या लाकडी जमिनीसाठी मी आजही तेच सुचवेन.

आम्ही निवडले ते हार्डवॅक्स तेल, म्हणजे तेल आणि कठीण मेण यांचे मिश्रण : ऑस्मो या जर्मन कंपनीचे पॉलीएक्स ऑइल, मॅट म्हणजे बिनचकाकीच्या प्रकारातले. सूर्यफूल, सोयाबीन इत्यादी वनस्पतींची तेले आणि कार्नाउबा व कँडेलिला ही कठीण मेणे यांपासून ते बनते; तेल लाकडात मुरते आणि मेण वर राहते, त्यामुळे सोलून निघेल असा जाड थर तयार होत नाही. एका लिटरमध्ये एका हाताला सुमारे २४ चौरस मीटर जमीन होते, असे उत्पादक सांगतो. आमच्या माडीला दोन हात देऊन अडीच लिटरच्या डब्यात थोडे तेल उरले, म्हणजे हिशेब खरा निघाला.

खरी मेहनत लावण्याआधीची आहे. जुना थर पूर्ण काढून १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर आम्ही थांबलो, कारण त्याहून फार गुळगुळीत केलेले लाकूड तेल नीट पीत नाही. सागात मुळातच तेल असते आणि ते वरच्या तेलाचे वाळणे लांबवते. म्हणून पहिल्या हातापूर्वी फळ्या थिनरच्या फडक्याने पुसून घेतल्या. तरीही ८ ते १० तासांत वाळणारा हात आमच्याकडे दीड दिवस ओलसर राहिला. हात अगदी पातळच द्यावा. जाड दिला तर तो आठवडाभर चिकट राहू शकतो. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर पसरून वाळवावीत. हे काम मार्चमध्ये करावे, आषाढात करू नये, हे कोकणवासीयांना वेगळे सांगायला नकोच.

त्यानंतर तीन पावसाळे झाले. सांध्यांवर कुठेही तडा नाही, कारण तडकेल असा थरच नाही. एकदा कौल सरकून रात्रभर एका जागी पाणी ठिबकले आणि सकाळी ताटाएवढा फिकट डाग दिसला. लाकूड वाळू दिले, तेवढीच जागा घासली आणि फडक्याने चमचाभर तेल चोळले. कामाला अर्धा तास लागला आणि जोड आता शोधूनही सापडत नाही. उणिवाही आहेतच. देशी पॉलिशपेक्षा हे तेल बरेच महाग पडते, आरशासारखी चकाकी त्यातून मिळत नाही, आणि वर्दळीच्या जागी काही वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. आमच्याकडे जिन्याच्या तोंडाशी तशी वेळ आली आहे. अर्धवट भरलेल्या डब्यात तेलावर साय धरते, म्हणून उरलेले तेव्हाच काचेच्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवले होते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्यातली एक बाटली जिन्यासाठी उघडू.