आयईएलटीएस की डुओलिंगो? गावातून परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी

दारव्हा-दिग्रसकडची पोरं विचारतात, "ताई, सत्तर डॉलरच्या आसपास, घरी बसून डुओलिंगो होते, मग नागपूरला जाऊन आयईएलटीएसला सतरा-अठरा हजार कशाला घालायचे?" या दोन्ही परदेशी शिकायला जाताना द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षा. कापूस विकून फी भरणाऱ्या घरात हा प्रश्न रास्तच आहे.

पहिले देश ठरवा. ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाला डुओलिंगो चालत नाही. घरून दिलेली कोणतीच परीक्षा तिथे धरत नाहीत. अमेरिकेत व्हिसासाठी इंग्रजीचा स्कोअर लागत नाही, विद्यापीठ मागेल तेवढाच द्यायचा, आणि तिथली पुष्कळ विद्यापीठं डुओलिंगो घेतात. काही ब्रिटिश विद्यापीठं तर बारावीच्या इंग्रजीचे गुण पाहून परीक्षाच माफ करतात. आपलं बोर्ड त्यांना चालतं का, हे ईमेल करून विचारा. त्याला पैसे लागत नाहीत.

आता खरी अडचण. डुओलिंगो तासाभराची, पण तेवढा वेळ कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कोणी नको, नजर स्क्रीनवरून हलायला नको. माझ्या चुलतभावाची परीक्षा मधातच थांबली, कारण लाइन गेली आणि वायफायही गेलं. त्याची मेहनत मी पाहिली होती, म्हणून फार वाईट वाटलं. इन्व्हर्टर आणि भरवशाचं नेट नसेल, तर स्वस्त परीक्षा स्वस्त राहत नाही.

आयईएलटीएसमध्ये ११ ते १४ मिनिटं परीक्षकाशी बोलायचं असतं. मराठी शाळेतून आलेल्या लेकरांना हेच सोपं जातं, असं मला वाटतं: प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारता येतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरून धीर येतो. पीटीई नावाच्या आणखी एका इंग्रजी परीक्षेत बोलणंही संगणकाशीच, आणि हॉलमध्ये आजूबाजूचे सगळे एकदम बोलत असतात.

बरीच विद्यापीठं आयईएलटीएसमध्ये ९ पैकी ६.५ बँड, म्हणजे गुण, मागतात, शिवाय ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा प्रत्येक भागाची वेगळी अट असते. आपली पोरं बहुतेक रायटिंगमध्ये अडकतात. संगणकावर आयईएलटीएस दिली असेल तर तो एकच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो, मात्र सगळी विद्यापीठं असा निकाल मानत नाहीत. आयईएलटीएस आणि डुओलिंगो, दोन्हींचे स्कोअर दोन वर्षं चालतात.

म्हणून फक्त अमेरिकेलाच जायचं असेल आणि घरी शांत खोली असेल, तर डुओलिंगो, नाहीतर आयईएलटीएस. डुओलिंगोची सराव परीक्षा फुकट आहे. ज्या खोलीत आणि ज्या वेळी खरी परीक्षा द्यायची, तिथेच आणि त्याच वेळी ती आधी देऊन पाहा.